तीन नंबरच्या खाचेतलं कुंकू

कुमुदताई भित्री होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी उगीच तिला रणरागिणी करायला नको. पोस्टमनने पाकीट हातात दिलं की ती ते फोडायच्या आधी देवापुढे ठेवून यायची. लाइटचं मीटर बघायला माणूस आला तरी ही दाराआड उभी राहायची. रेशनकार्डाच्या अर्जावर सही करायची तर अर्ज तीनदा वाचायची, पेन झटकायची, सही करायची आणि सही केल्यावर चौथ्यांदा वाचायची. मी भडकायचे. "ताई, रेशनचा अर्ज आहे, फाशीचा हुकूम नाही!" म्हणायचे. ती हसायची आणि पाचव्यांदा वाचायची.

मी नीलिमा. ही गोष्ट त्र्याण्णव सालची, तेव्हा मी तेविशीची आणि तोंडाची फटकळ. अंबरनाथला मोरिवलीच्या अंगाला कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका शेडमध्ये आम्ही एकतीस बायका इंटरकॉम आणि दारावरच्या बेल जुळवायचो. कुमुदताई आमची सुपरवायझर, मी तिच्या शेजारच्या टेबलावर तयार माल तपासायला. ती आता नाही, शेडही पाडली, शेठ मुलाकडे परदेशी गेला. म्हणून आज बोलतेय. इतकी वर्षं तोंडाला कुलूप होतं, आणि माझ्यासारखीच्या तोंडाला कुलूप म्हणजे काय शिक्षा, ते माझ्या घरच्यांना विचारा.

शेठचं नाव हसानंद. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्याचं दुकान होतं, बाहेरून आलेले फोन विकायचं. माणूस वाईट नव्हता, पण एक गोष्ट त्याला फार झोंबायची. कुणी म्हणालं 'हा उल्हासनगरचा माल दिसतोय', की त्याचा चेहरा पडायचा. "बाई," तो कुमुदताईला म्हणायचा, "उल्हासनगर बोललं की लोक हसतात. डुप्लिकेट बोलतात. मी एक चीज अशी बनवणार की त्याच्यावर सरकारचा ठप्पा असेल. फिर देखता हूं कौन हसता है."

ती चीज म्हणजे बिनवायरचा फोन. मोबाइल अजून आपल्याकडे यायचे होते. हा फोन असा, की खालची बैठक टेलिफोनच्या लायनीला जोडायची आणि वरचा फोन उचलून घरभर, गच्चीवर, शेजारणीच्या दारात कुठेही जाऊन बोलायचं. बोलून झालं की परत बैठकीच्या खाचेत ठेवायचा. खाचेत दोन पितळी पट्ट्या असायच्या, त्यांच्यावर टेकला की तो चार्ज व्हायचा. बस्स, एवढंच ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्या दोन पट्ट्यांवरच आहे.

पण असा फोन बनवला आणि विकला, असं चालत नसे. आधी सरकारी मंजुरी. कंपनीने पाच नमुने तयार ठेवायचे, साहेब येऊन त्यातले तीन स्वतः उचलणार, लाखेचं सील ठोकणार आणि मुंबईच्या तपासणी कार्यालयात नेणार. तिथे ते आपटून बघायचे, तापवून बघायचे, आणि शेवटी चार दिवस एका दमट पेटीत कोंडून ठेवायचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात फोन टिकतो का ते बघायला. तिन्ही पास झाले तर मंजुरी. एक जरी नापास झाला तर फोनची रचनाच चूक धरायची, साचे बदलायचे आणि पुन्हा अर्ज करून वर्षभर रांगेत उभं राहायचं. शेठने आम्हाला गोळा करून साफ सांगितलं होतं, "बेल आणि इंटरकॉमला आता गिऱ्हाईक नाही. हा फोन पास झाला तर तुम्ही सगळ्या राहणार. नापास झाला तर दिवाळीनंतर शेडला कुलूप."

आम्ही सगळ्याच घाबरलो, पण कुमुदताईचं घाबरणं वेगळं होतं. ती एकेचाळीस वर्षांची, लग्न झालं नव्हतं, बदलापूरला भावाच्या दोन खोल्यांत राहायची. नोकरी लागायच्या आधीची नऊ वर्षं तिने त्या घरात पोळ्या लाटत आणि भाच्यांची दुखणी काढत घालवली. भाऊ-वहिनी तिला मारत नव्हती की उपाशी ठेवत नव्हती. पण तिला विचारून त्या घरात काही व्हायचं नाही, साधी डाळ कुठली आणायची तेही नाही. नोकरी लागली आणि भाऊ तिला "ताई, तुझं काय मत?" असं विचारायला लागला. एकदा डबा खाताना ती मला म्हणाली, "नीलू, तू मला भित्री म्हणतेस ना, म्हण. बाकी सगळी भीती माझी लटकी. पण परत त्या नऊ वर्षांत जायची मला खरी भीती वाटते." मी थट्टा करणार होते, पण तिचा घास हातातच राहिला होता, म्हणून माझी भाजी तिच्या डब्यात वाढली.

आली खंडेनवमी. त्या दिवशी कुठल्याही कारखान्यात जा, यंत्रांची पूजा असतेच. आमच्याकडे सोल्डरिंगच्या इस्त्र्या, पाने, मीटर, सगळं धुऊन-पुसून मांडलं होतं. झेंडूच्या माळा होत्या. कुमुदताई हळदी-कुंकवाची वाटी घेऊन एकेका यंत्राला बोटं लावत चालली होती. ओलं कालवलेलं कुंकू, कारण कोरडं लावलं की पंख्याने उडतं. मी मागून अक्षता टाकत होते. सगळं झालं आणि ती पाच नमुन्यांसमोर येऊन थांबली. पांढरेशुभ्र फोन, एका ओळीत, प्रत्येकाच्या पोटावर नंबराची चिठ्ठी.

"चला ताई, झालं," मी म्हटलं.

"अगं, आणि हे?"

"शेठने काय सांगितलंय? पांढऱ्या बॉडीवर डाग दिसता कामा नये."

"सगळ्यांचं पोट यांच्यावर, आणि यांनाच वगळायचं? अपशकून करायचा?" ती खरंच घाबरली होती. पूजा केली नाही तर फोन नापास होतील असं तिच्या डोक्याने घेतलं होतं.

आणि मग मी शहाणीने तोंड उघडलं. "मग खाचेत लाव. वर फोन ठेवला की कुणाच्या बापाला दिसणार नाही."

हे मी म्हणाले. मी. बाकी काही विसरलात तरी चालेल.

तिने पाचही बैठकांच्या खाचेत, बरोबर त्या दोन पितळी पट्ट्यांच्या मध्ये, हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट लावलं. पट्ट्यांवर नाही हो, ती इतकी अडाणी नव्हती, मधल्या प्लास्टिकवर. नमस्कार केला. साहेब दसऱ्यानंतर बुधवारी येणार होते, तेव्हा आजच्या आज पुसून टाकायचं असं ठरलं. प्रसाद वाटून झाल्यावर आम्ही दोघी स्पिरिटचे बोळे घेऊन बसलो. ती एका टोकाने, मी दुसऱ्या. तिने एक आणि दोन पुसले, मी पाच आणि चार पुसले. मधला तीन नंबर राहिला होता. दोघींचे हात एकदमच त्याच्याकडे गेले, आणि दारातून शेठचा आवाज आला, "आइए साहेब, आइए!"

पोंक्षेसाहेब. विष्णुपंत पोंक्षे असं पुढे कागदावर वाचलं. काडीसारखा माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत पितळी शिक्का. जवळच्या एका कारखान्यात त्यांचं काम लवकर आटोपलं, म्हणून बुधवारची खेप वाचवायला ते तसेच आमच्याकडे आले होते. मी झटक्यात तीन नंबरचा फोन बैठकीवर ठेवला. माझे हात माझ्याआधी घाबरले.

साहेबांनी चहा नाकारला. टेबलाशी उभे राहून नमुन्यांकडे बघत राहिले. "एक," म्हणाले आणि उचलला. "पाच." मग त्यांचा हात चार नंबरवर गेला. कुमुदताई माझ्या शेजारी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. हात चारवर थांबला, आणि पुढे सरकला.

"तीन."

पुढे शिपाई मेणबत्ती पेटवतोय, लाख वितळतेय, कापडात बांधलेल्या खोक्यावर साहेब शिक्का दाबताहेत, हे मी सगळं नुसतं बघत होते. शेवटी त्यांनी एक कागद काढला आणि वाचून दाखवला. नमुने नेहमीच्या उत्पादनातले आहेत, त्यांत कोणताही फेरफार नाही, कोणताही बाहेरचा पदार्थ नाही. "सुपरवायझर कोण? सही करा." कुमुदताईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. शेठ म्हणाला, "करो ना बाई, साहेबांना टाइम नाही." तिने एकदाही न वाचता सही केली.

साहेब गेले तशी ती मागच्या मोरीपाशी गेली आणि उलटी केली. मी पाठ चोळत होते. "नीलू," ती म्हणाली, "मी सरकारी कागदावर खोटी सही केली."

"चिमूटभर कुंकू आहे ताई. वाळलं की झालं, धूळ."

"साधी धूळ असती तर वेगळं. कुंकवात चुना असतो, खार असतो. दमट हवेत ते पाणी ओढतं. त्यातून एका पट्टीची वीज दुसरीकडे झिरपेल."

जुनी इंटर सायन्स झालेली बाई ती, उगीच नव्हती सुपरवायझर. मला वाटलं तिचं नेहमीचं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. पण तिने तोंड धुतलं, पदर खोचला आणि म्हणाली, "साहेब शेठला सांगत होते, आपटून-तापवून झालं की पुढच्या सोमवारी ते दमट पेटीत ठेवणार आहेत. आपणही ठेवू. मला कळलं तरी पाहिजे."

त्या सोमवारी आम्ही स्टोअरच्या कोपऱ्यात बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा ठेवला. त्यात चाळीसचा बल्ब, ओली फडकी, आणि मधोमध एक बाद झालेली बैठक. तिच्या खाचेत त्याच वाटीतलं कुंकू, त्याच बोटाने लावलेलं. मुंबईतली पेटी आणि आमचा डबा एकाच दिवशी सुरू झाले. रोज चारच्या चहाला आम्ही डबा उघडायचो. कुमुदताई मेगर लावायची. मेगर म्हणजे हाताने दांडा फिरवायचं मीटर. वीज कुठे झिरपत नसेल तर काटा वर राहतो, झिरपत असेल तर खाली येतो. साहेबांच्या नियमात काट्याची एक रेघ होती. रेघेच्या वर पास, खाली नापास.

सोमवारी काटा वर. मंगळवारी थोडा उतरला. "उतरला म्हणजे ओल आहे ना, ओल्यात उतरणारच," मी म्हटलं. माझ्या आवाजात फार दम नव्हता. तेवढ्यात मोरिवलीची काशी, आमच्या लायनीतली, दारातून डोकावली. "काय शिजवताव गो दोघी? मना पण द्या वाईच."

"तुझं श्राद्ध," मी म्हटलं. ती हसत गेली. तिचे दोन हात होते म्हणून तिच्या घरातली चूल पेटत होती, हे मला माहीत होतं, आणि त्या क्षणी तिच्या हसण्याचा मला इतका राग आला की सांगता येत नाही. राग कसला, भीतीच ती. मला भीती वाटली की मी आधी रागावते, हे मला फार उशिरा कळलं.

बुधवारी कुमुदताईने दांडा फिरवला आणि काटा पडला. रेघेच्या खाली. आम्ही पट्ट्या पुसल्या, वायर बदलली, पुन्हा फिरवला. पुन्हा खाली. खाचेत लालसर ओल धरली होती, बोटाला चिकटत होती. ती खाली बसली, फरशीवरच. "आता या घटकेला तिथेही हेच चाललंय," ती म्हणाली. बाकीच्या सगळ्या बायका बाहेर बेल जुळवत होत्या, गप्पा मारत होत्या, आणि त्यांची नोकरी गेलेली आहे हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

"शेठला सांग," मी म्हटलं. 'सांगू' म्हणाले नाही मी, 'सांग' म्हणाले. ती उठून केबिनमध्ये गेली. दोन मिनिटांत परत आली. शेठने फोनच्या खोक्याचा नमुना छापून आणला होता, 'सरकारमान्य' अशी मोठी अक्षरं होती त्यावर, आणि तो ते खोकं खिडकीच्या उजेडात धरून बघत होता. "माझ्याच्याने तोंड उघडलं नाही ग," ती म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी सुटताना ती म्हणाली, "उद्या पेटी उघडतील. मी साहेबांकडे जाणार. खोटी सही करून मला आता घरातलं पाणीसुद्धा गोड लागत नाही."

"वेडी झालीस? तुला आत टाकतील!"

"टाकतील का?" तिने इतक्या खरेपणाने विचारलं की मला रडूच आलं. मला तरी कुठे माहीत होतं. "तू येतेस सोबत?"

गेले. कशी गेले देव जाणे. दोघींनी आजारपणाची चिठ्ठी पाठवली आणि शुक्रवारी मुंबईला त्या कार्यालयात जाऊन बाकड्यावर बसलो. लांबलचक व्हरांडा, दोन्हीकडे बंद दारं, आतून कुठल्यातरी यंत्राची घरघर. शिपाई विचारी, "काय काम?" कुमुदताई म्हणे, "साहेबांनाच सांगायचंय." तासभर बसलो असू. तिच्या हातातल्या रुमालाची पिळून पिळून दोरी झाली होती. मी दोनदा म्हटलं, "चल, परत जाऊ. अजून काही बिघडलेलं नाही." ती दोन्हीदा उठली आणि दोन्हीदा परत बसली.

पोंक्षेसाहेबांच्या खोलीत आमचे तीन फोन टेबलावर होते. उघडे, ओलसर. तीन नंबरच्या शेजारी एक कागद अर्धा लिहिलेला होता. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "बोला."

ती उभ्यानेच बोलली. खंडेनवमी, वाटी, खाच, स्पिरिटचे बोळे, सही. सगळं. एकदाही थांबली नाही. बिस्किटाच्या डब्याचंही सांगितलं. तिने 'आम्ही' असा शब्द काढला नाही. प्रत्येक वाक्यात 'मी'. 'मी लावलं, मी पुसलं, मी विसरले.' मला ते ऐकू येत होतं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

साहेबांनी तीन नंबरची खाच भिंगाखाली धरली. मग मेगर ओढलं आणि दांडा फिरवला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काटा तळाला होता.

"सकाळीच बघितलं होतं," ते म्हणाले. "एक आणि पाच पास आहेत. हा नापास. मी कारण लिहीत होतो, पट्ट्यांमधलं अंतर अपुरं, रचनेत दोष." त्यांनी तो अर्धा कागद उचलून दाखवला. "हा गेला असता तर साचे बदला, नवा अर्ज करा, वर्ष जाणार."

"आणि आता?" कुमुदताईने विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस कोरडा होता पण दुष्ट नव्हता, हे मी मान्य करते. "दोष रचनेचा नाही, जुळवणीतल्या एका व्यक्तीच्या चुकीचा आहे, असं सिद्ध झालं तर एक नमुना बदलून घेता येतो. त्याला दोन कागद लागतात. एक, जिच्याकडून चूक झाली तिचा लेखी जबाब. आणि दुसरा, त्या व्यक्तीवर काय कारवाई केली याचं कंपनीचं पत्र."

"कारवाई म्हणजे?"

"ते कंपनीनं ठरवायचं. पण नुसती समज दिली, एवढ्यावर वरच्या कचेरीत समाधान होत नाही. त्यात तुम्ही खोटी सही केलेली. तुम्ही त्या लायनीवर राहिलात तर ते विचारणार, पुन्हा असं होणार नाही कशावरून?" ते थांबले. "बाई, नीट विचार करा. मी अजून काही लिहून घेतलेलं नाही."

ती हलली नाही. मला माहीत होतं ती काय बघतेय. बदलापूरच्या त्या दोन खोल्या आणि पोळपाट. तिचा सगळा जन्म ती ज्याला भ्यायली, ते समोर टेबलावर ठेवलं होतं आणि वर पेन ठेवलं होतं.

"कागद द्या," ती म्हणाली.

तिने जबाब लिहिला. अक्षर वेडंवाकडं, पण लिहिला. साहेबांनी वाचला आणि विचारलं, "हे करताना तुमच्यासोबत आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. मी एकटी."

"तसं लिहा." तिने लिहिलं. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "मग या कोण?"

आता बोलायचं होतं. माझं तोंड, जे रिक्षावाल्यापासून शेठपर्यंत कुणापुढे कधी बंद पडलं नाही, ते उघडायला हीच वेळ होती. खाचेत लाव असं मीच म्हणाले होते. तिच्या इतकाच तीन नंबर माझ्याही हाताचा होता. मी तोंड उघडलंसुद्धा. पण साहेबांऐवजी मी कुमुदताईकडे पाहिलं.

"ही नुसती सोबत आलीय," कुमुदताई म्हणाली. "मला एकटीला भीती वाटते."

तिने सगळं सांगितल्यावर शेठ आधी ओरडला, मग डोकं धरून बसला, मग रडला. "तूने मुझे बचाया भी और मारा भी," म्हणाला. तीन दिवस त्याने पत्र लिहिलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. चौथ्या दिवशी लिहिलं. संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले आहे. चार नंबरचा नमुना मुंबईला गेला, दमट पेटीतून कोरडा ठणठणीत बाहेर आला, आणि संक्रांतीच्या आधी मंजुरीचा कागद आमच्या शेडमध्ये पोचला. शेठने पेढे वाटले. काशी नाचली. शेठने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सोमवारपासून सुपरवायझर तू."

रविवारी मी बदलापूरला गेले. वहिनीने, सुनेत्रा तिचं नाव, दार उघडलं, बस म्हणाली. कुमुदताई आत ओट्याशी होती. ती दोन महिन्यांत वाळली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन भडभडा बोलले. "ताई, मी शेठला सांगणार. साहेबांनाही सांगणार. मीच म्हटलं होतं खाचेत लाव. मीही होते. अर्धी चूक माझी आहे, सुपरवायझरकी मला नको, तुला परत घेऊ देत."

ती इतकी घाबरलेली मी कधीच पाहिली नव्हती, अगदी त्या कार्यालयातसुद्धा नाही. पिठाच्या हाताने तिने माझं तोंड दाबलं आणि दुसऱ्या हाताने दार लोटलं.

"हळू बोल! जबाबात मी 'एकटी' असं लिहून दिलंय. तू सांगितलंस की तो जबाब खोटा. जबाब खोटा, तर मंजुरी मिळाली ती कशावर? काढून घेतील, नीलू. मग शेड बंद, काशी घरी, सगळ्या घरी. आणि मी इथे बसले ते फुकट." तिच्या हाताचं पीठ माझ्या ओठांवर सांडत होतं. "वचन दे. मी असेपर्यंत बोलणार नाहीस."

बाहेरून आवाज आला, "वन्सं, पोळ्या झाल्या का? हे जेवायला बसलेत."

"झाल्या, झाल्या," ती लगबगीने म्हणाली, आणि तवा टेकवताना मला पुन्हा म्हणाली, "दे वचन."

मी दिलं. आणि देवाशपथ सांगते, देताना मला सुटल्यासारखं वाटलं.